बेंचवरचे आम्ही दोघे

कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या मुलाला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. मीही आमच्या तालमीच्या संघातून खेळलो. मग गुडघा गेला. पुढे शिकायला अ‍ॅडलेडला आलो तेव्हा आपला खेळ संपला, असं मी धरूनच चाललो होतो. शिक्षण झालं आणि युनिव्हर्सिटीच्या मॉसन लेक्स इथल्या त्याच कॅम्पसवर लॅब टेक्निशियनची नोकरी लागली. एका आर्वोला, म्हणजे दुपारी, काम आटपून मी मैदानाच्या कडेला उभा होतो. युनिच्या मुलांचं ट्रेनिंग चाललं होतं. पांढऱ्या भुवयांचे कोच जवळ आले आणि म्हणाले, “नुसता बघतोस काय? ते कोन उचल.”

तेव्हापासून मी त्यांचा असिस्टंट झालो. इंग्रजीत ‘यू’ म्हणायचो, पण मनात कायम अहो-जाहोच. ते ओरडायचे आणि त्याचा अर्थ मी मुलांना नीट समजावून सांगायचो. अशी बरीच वर्षं गेली.

मग एका मॅचच्या हाफटाइमला कोच मुलांसमोर उभे राहिले आणि भलत्याच नावांनी हाका मारू लागले. ती सगळी मुलं कधीच पास होऊन निघून गेली होती. समोरची पोरं खाली बघत बसली. कोच मात्र जोशात होते, डोळे चमकत होते. मी पुढे झालो. “कोचचं म्हणणं असं, की डावीकडे जागा सुटतेय. ती भरा.” कॅप्टनने मान हलवली. “येस, कोच,” तो त्यांच्याकडे बघून म्हणाला. मॅच आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. कोच मागे बागेत होते. त्यांच्या बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला.

“मला ठाऊक आहे,” मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली. “डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तू त्यांना जपून वागवायला लागला असतास. त्यांना ते लगेच कळलं असतं.” मग ती म्हणाली, “घरी ते चिडतात, रडतात. मैदानावरून येतात तेव्हा माझा नवरा परत आलेला असतो.”

मी सीझन कसाबसा रेटला. नावं त्यांच्या कानात सांगत राहिलो. पण एका मॅचला ते खेळ चालू असताना मैदानात चालत गेले आणि धावत येणारा एक मुलगा त्यांच्यावर आदळता आदळता वाचला. मग स्पोर्ट्स ऑफिसने मला बोलावलं. पुढच्या वर्षी कोच तू, म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. कोचना मीच सांगतो, एवढंच मी म्हणालो.

कार पार्कमध्ये गाडीला टेकून आम्ही उभे होतो. मी सांगितलं. ते मैदानाकडे वळले.

“मग टीम कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

“बरं झालं. तुला खेळ कळतो.” मग काळजीने त्यांनी विचारलं, “पण तुझा असिस्टंट कोण?”

“तुम्ही.”

“नो वरीज, मेट,” ते म्हणाले आणि माझा खांदा दाबला.

पुढचा सीझनभर त्यांची बायको त्यांना आणून सोडायची. ते माझ्या शेजारी बेंचवर बसायचे. कधी मला फिजिओ समजायचे, कधी रेफरी. एखाद्या दिवशी मात्र असं काही अचूक बोलून जायचे की मी तसाच बदल करायचो आणि गोल व्हायचा. अशा दिवशी जास्त वाईट वाटायचं.

नंतर त्यांना केअर होममध्ये ठेवावं लागलं. मी जायचो. ते सौजन्याने माझं नाव विचारायचे. मी सांगायचो, ते छान आहे म्हणायचे. शेवटच्या काही भेटींत तेही नाही. हिवाळ्यात ते गेले.

त्या शनिवारी मॅच होती. पुढे ढकलायची का, असं ऑफिसने विचारलं. मी नको म्हणालो. मुलं दंडाला काळ्या फिती बांधून खेळली.

त्यांची बायको अजूनही अधूनमधून मैदानाकडे येते, पण गाडीतून उतरत नाही. मॅच संपली की काच खाली करून विचारते, “काय झालं?” मी स्कोअर सांगतो. हरलो असलो तरी ती “गुड” म्हणते आणि गाडी सुरू करते.