राखणदाराची दवंडी

माझ्या काकांचा धंदा कुलपांचा. बाजारातल्या जिन्याखाली, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढं दुकान. किल्ली हरवली, तिजोरी अडली, दार लागून बसलं की लोक काकांना बोलावतात. काका जातात, कुलूप उघडतात आणि तिथल्या तिथे पाठ फिरवून उभे राहतात. आत काय आहे ते बघायचं नाही आणि कुणाकडे गेलो होतो ते घरीसुद्धा सांगायचं नाही. काकूने नाना परीने विचारून बघितलं, पण छे! काका ढिम्म.

अशा माणसाच्या फोनमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते. फोनमधली माहिती चोरीला जाते असं कुणीतरी सांगितलं आणि काकांची झोप उडाली. मी म्हटलं, फुकटचं ॲप मिळतं, टाकून देते. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू चोर मीच. फुकट कुलूप वाटणाऱ्यावर माझा विश्वास नाही, म्हणाले, आणि चौकशी करकरून सगळ्यात महागडं सुरक्षा ॲप विकत घेतलं. ॲपने विचारलं, तुमच्या ओळखीची माणसं बघू का? काकांनी 'हो' दाबलं. तुम्ही कुठे जाता ते बघू का? पुन्हा 'हो'. मी कपाळावर हात मारला, तर म्हणतात, राखणदाराला माणसं आणि येण्याजाण्याच्या वाटा माहीत नकोत का?

थोडे दिवस राखणदार गुमान बसला. मग त्याला कंठ फुटला. काका कानशीने किल्ली घासत असताना फोन किंचाळायचा, तुमच्यावर संकट आहे! काका हातातलं टाकून धावायचे. संकट काय, तर याच कंपनीची याहून महाग योजना त्यांनी अजून घेतलेली नाही. पैसे घेऊन वर धमक्या देणाऱ्याला राखणदार म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात, पण काकांनी मला ते बोलू दिलं नाही. मग पदकं सुरू झाली. आज फोन तपासलात, शाबास, घ्या पितळी ढाल! उद्याही तपासा, चांदीची मिळेल! साठी उलटलेल्या माणसाला बालवाडीत घातलं मेल्यांनी.

आणि एक दिवस, कुणी मागितलं नव्हतं तरी, 'मित्रमंडळ' आपोआप सुरू झालं. माझ्या फोनवर निरोप आला, 'तुमचे काका सुरक्षित आहेत! टाळ्या द्या.' माणूस सुरक्षित आहे असं अचानक कळवलं की आधी अपघातच आठवतो. फोन लावला तर काका निवांत चहा पीत होते. ते मंडळ बंद करायला गेलो, तर ॲप म्हणालं, बंद केल्यास तुमचं संरक्षण कमी होईल. काका घाबरले. राहू दे, म्हणाले, घरच्यांनाच तर जातंय. पण कंपनीच्या हिशेबी त्यांच्या फोनमधला प्रत्येक नंबर म्हणजे घरचाच माणूस होता.

शाळेमागच्या पिवळ्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहतात. घर त्यांच्या नावावर, आईकडून आलेलं. नवरा जुन्या गाड्यांचा दलाल. हात उचलायचा म्हणून ताईंनी त्याला घराबाहेर काढलं होतं, पण किल्ली त्याच्याकडेच. मनात येईल तेव्हा यायचा, फोडाफोड करून जायचा. म्हणून तो धंद्यावर असताना, भर दुपारी, त्यांनी कुलूप बदलायला काकांना बोलावलं. त्याला कळायच्या आत काम उरकायचं होतं. आणि हा दलाल काकांचं जुनं गिऱ्हाईक. बंद पडलेल्या गाड्यांची दारं उघडून घ्यायचा. त्याचा नंबर आणि याच घराचा पत्ता फोनमध्ये असणारच.

जुनं कुलूप निघालं, दाराला भोक पडलं, आणि नेमक्या त्याच वेळी राखणदाराने दवंडी पिटली. मला निरोप आला, काका पिवळ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सुरक्षित आहेत. दलालाला आला, 'तुमचे कुलूपवाले काका आत्ता तुमच्या घरी सुरक्षित आहेत! टाळ्या द्या.'

मी काकांना फोन केला, तुम्ही कुठे आहात ते ॲप फोनमधल्या सगळ्यांना कळवतंय, म्हणून सांगितलं. ते नुसतं 'पोलिसांना सांग' म्हणाले आणि कामाला लागले. ताईंनी नंतर मला सांगितलं की एवढ्या घाईतही स्क्रू एकही वाकडा गेला नाही. ताईंना आत ठेवून त्यांनी दार ओढलं, बाहेरून हलवून बघितलं, तेवढ्यात दलाल जिना चढून आला.

त्याने आपली किल्ली लावली. फिरेना. मग काकांची कॉलर धरली. माझं घर आहे, उघड, नाहीतर हातपाय मोडतो. शेजारी दारं उघडून बघत होते, पुढे कुणी आलं नाही. आत ताई दाराला पाठ लावून उभ्या.

काका गुडघ्यावर बसले. स्वतःच्या हाताने नुकत्याच बसवलेल्या कुलपात त्यांनी तारा घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, घाम पुसला. मध्येच खिशातला फोन ओरडला, 'तुमचं घर खरंच सुरक्षित आहे का? आजच मोठी योजना घ्या!' काका चाचपडत राहिले. खाली पोलिसांची गाडी थांबली तेव्हा मान वर करून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले,

"मला हे कुलूप उघडत नाही."

उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. पोलिसांनी दलालाला नेलं. पण शेजाऱ्यांपैकी कुणीतरी या सगळ्याचं चित्रीकरण केलं होतं, आणि कुलूपवाल्याला आपलंच कुलूप उघडेना म्हणून ते गावभर फिरलं. लोक पोट धरून हसले. काकांनी ॲप काढून टाकलं, तर कंपनीने विचारलं, तुम्ही आम्हाला सोडून का चाललात, मित्रांना कळवू का? त्या कंपनीचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

गिऱ्हाइकं कमी झाली, ती अजून पुरती परतली नाहीत. खरं काय ते सांगा, म्हणून मी काकांच्या हातापाया पडले, पण छे! गिऱ्हाइकाचं बाहेर बोलायचं नाही. हे मी सांगते आहे, तेही ताईंनी स्वतः सांगायला लावलं म्हणून. परवा दुकानात एकजण किल्ली करायला आला आणि काकांना डिवचत म्हणाला, काय हो, खरंच उघडलं नाही?

काकांनी किल्ली उजेडात धरून बघितली, फुंकर मारली.

"नाही हो," म्हणाले, "कुलूप चांगलं होतं."