डिप्टेरावाले दळवी सर

दळवी सर वर्गात आले की आधी खिडक्या लावून घ्यायचे. बोईसरच्या कारखान्यांचा उग्र वास त्यांना चालायचा, आमच्या नवापूरच्या बोंबलांचा नाही. नाकाला रुमाल लावून विज्ञान शिकवणारा हा मास्तर मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको असायचा.

माशीला ते माशी म्हणतच नसत. "डिप्टेरा म्हणा! ग्रीक शब्द आहे. डि म्हणजे दोन, टेरॉन म्हणजे पंख. बहुतेक उडणाऱ्या किड्यांना चार पंख, हिला दोनच. ज्यानं नाव ठेवलं त्यानं आधी नीट बघितलं. तुम्हाला काय दिसतं? मासळीचे वाटे!" वर्ग हसायचा. मला कसलं हसू येणार? बाजारात वाटे लावून बसणारी माझी आई होती.

एकदा डिप्टेरा दाखवायला ते आम्हाला किनाऱ्यावरच्या वाळवणावर घेऊन गेले. जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या दोऱ्यांवर टांगलेल्या होत्या. शेजारणींच्या मालावर माश्या घोंघावत होत्या. आईच्या दोरीवर एकही नाही. आई खुशीत म्हणाली, "बगा मास्तर, माजा माल कसा चोख हाय! एक माशी नाय!"

सरांनी रुमाल काढला, बोंबील हुंगला. "काय मारलंस ह्याच्यावर?"

"झुरळांचा फवारा. तीन दिवस आभाळ होतं, माल सुकत नव्हता. दुसरं काय करनार?"

"अगं, विष आहे ते! माशीला कळलं, तुला कळू नये? हे बाजारात नेलंस तर मी स्वतः तक्रार करीन."

माझ्या आईला अगंतुगं, तेही अख्ख्या वर्गासमोर! माल घ्यायला आलेली बाई रिकामी टोपली उचलून चालती झाली. मेल्याचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. त्या हंगामात आईचा माल कुणी घेतला नाही. सरांची बदली झाली तेव्हा निरोपाला मी गेले नाही, आणि आजही त्यांचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

सर वाळवणावर आले त्या दिवशी संध्याकाळी आईनं वाळूत खड्डा खणला आणि सगळा माल त्यात टाकला. मी सरांना शिव्या घालत होते. ती घरात गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात त्याच दोरीवरचे जाडजाड बोंबील तिनं आमच्यासाठी निवडून ठेवले होते.

"उद्या तुमाला भाजून देनार होते," ती म्हणाली, आणि डबा खड्ड्यात उपडा केला.