कळीच्या मानेवरचा ठिपका

माझी धाकटी जाऊ वनस्पतींच्या संग्रहालयात चित्रं काढते. सव्वीस वर्षं झाली, त्याच खिडकीपाशी, त्याच डुगडुगत्या स्टुलावर. पाकळीला सात शिरा असतील तर ती सातच काढणार. घरीही तशीच. भाजी कशी झालीय विचारलं, तर उगाच ‘छान’ म्हणणार नाही. ‘मीठ किंचित कमी’ म्हणेल.

मागच्या वर्षी जंगलातून स्पिरिटच्या बरणीत ऑर्किडचं एक फूल आलं. संग्रहालयाच्या साहेबांनी ते माहितीतल्या एका जुन्या जातीत घालून टाकलं होतं. लेखाला फक्त चित्र हवं होतं. हिनं काढलं, तर ओठ वर! ऑर्किडच्या मोठ्या पाकळीला ओठ म्हणतात. उमलण्याआधी कळी सहसा देठाला पीळ देत अर्धा फेरा घेते आणि ओठ खाली येतो, किड्याला टेकायला जागा होते.

साहेब हसले. “ताई, फूल उलटं धरलंत. कागद फिरवा, झालं काम!”

“पण देठाला पीळ नाही, साहेब. कळी फिरलीच नसेल तर?”

“स्पिरिटमध्ये सुटला असेल पीळ. शुक्रवारी लेख जातोय.”

“मग चित्राखाली माझं नाव नको.”

असं ती आजवर कधी बोलली नव्हती. त्याच जंगलातलं एक रोप काचघरात होतं, त्याला एकुलती एक कळी आली होती. ती उमलेपर्यंत साहेबांनी लेख थांबवला.

घरी आली ती चेहरा पाडून. “जाऊबाई, कळी फिरली तर मी उद्यापासून तोंड कुठे दाखवू?”

“फिरायची तर फिरेल. तू काय तिला धरून बसणार आहेस?”

दुसऱ्या दिवशी तिनं कळीच्या मानेवर, बरोबर वरच्या अंगाला, शाईचा बारीक ठिपका दिला. कळी फिरली तर ठिपका खाली जाणार.

माळीकाका म्हणाले, “आता कळीवरही सही का?”

“सही नाही काका, पहारा.”

सहाव्या दिवशी ठिपका कलला. त्या दुपारी तिनं डबा उघडलाच नाही. संध्याकाळी कळलं, पाणी घालताना काकांच्या हातून कुंडीखालची वीट सरकून कुंडीच कलली होती.

“काका, जीव घेतलात माझा!”

“अहो, वीट सरकली, आभाळ नाही!”

नवव्या दिवशी फूल उमललं. ठिपका वर, ओठही वर. साहेबांनी मान वाकडी करकरून पाहिलं, मग सगळी मोजमापं नव्यानं घेतली. ओठावरचे कंगोरेही वेगळे निघाले. जातच नवी होती. लेख त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. चित्र तेवढं तेच राहिलं, खाली तिच्या नावासकट.

आता फूल खुडण्याआधी देठाला दोरा बांधून गाठ वरच्या बाजूला ठेवायची, असा तिथे नियमच झालाय. नमुने आणणारा गडी परवा तिच्या टेबलावर बरणी ठेवत कुरकुरला, “ताई, तुमच्या एका ठिपक्यापायी आम्ही फांदीवर लोंबकळत गाठी मारतोय!”

ती भिंगातून पाहत म्हणाली, “गाठ किंचित सैल आहे.”