ट्रॉलीवरची रेसगाडी आणि माझा एक शब्द

ती घटना आजही आठवते, कारण तिच्यात चोर कुणीच निघाला नाही आणि नुकसान मात्र पुरेपूर झालं. ते बऱ्याच अंशी माझ्या हातून झालं, म्हणून लिहून ठेवतो. नावं कुणाचीच देत नाही.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. मी बदलापुरात सहायक निरीक्षक होतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत मोटारी चोरीला जात होत्या, एकही सापडत नव्हती आणि दर बैठकीत वरिष्ठ सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढत होते. अशा दिवसांत पोलिसाला उभी असलेली प्रत्येक मोटार चोरीची दिसू लागते.

चामटोलीच्या अलीकडे एक पंक्चरवाला बसायचा. एका शनिवारी तो ठाण्यात आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब, दर रविवारी सकाळी एक जीप जाते. मागं ट्रॉली, ट्रॉलीवर ताडपत्रीखाली गाडी. संध्याकाळी परत येते तवा गाडी चिखलानं माखलेली. मागल्या टायमाला तर एक दरवाजाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाकाबंदी लावली. साडेसातला जीप आली. पांढरी पाटी, म्हणजे खासगी गाडी. मागची लोखंडी ट्रॉली घरी जोडलेली, तिला नंबरच नाही. ट्रॉलीच्या बाजूला मोठ्या अक्षरांत उल्हासनगरच्या एका टायरवाल्याच्या दुकानाचं नाव. ताडपत्री काढली तर आत एक छोटी मोटार, तिलाही नंबरप्लेट नाही, मागच्या सीट नाहीत, मागची काच नाही. कागद मागितले तेव्हा चेसिस नंबर जुळला, इंजिन नंबर जुळेना. घबाड हाती लागलं असं मला वाटलं.

जागेवरच दोन पंच बोलावून पंचनामा सुरू केला. आमच्या भागात ज्या टेम्पोवर दुकानाचं नाव असतं तो त्या दुकानाचा माल वाहतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या सवयीनं मी लिहून गेलो की सदर इसम हा दुकानाचे नाव असलेल्या ट्रॉलीवरून भाड्याने मोटारीची वाहतूक करीत असताना मिळून आला. भाड्याचं मला कुणीही सांगितलं नव्हतं. वाक्य भारदस्त झालं, एवढंच.

जीपवाला चाळिशीचा, राहणार बेलवली. अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सुपरवायझर. ठाण्यात आणला तेव्हा त्याला घाम फुटला नव्हता, हे मला खटकायला हवं होतं.

"गाडी कुणाची?"

"माझी. रेसची आहे, साहेब. कर्जतच्या बाजूला माळावर, मातीच्या ट्रॅकवर आमच्या शर्यती असतात."

"नंबरप्लेट कुठाय?"

"ती रस्त्यावर चालवायची नाहीच. म्हणून तर ट्रॉलीवर नेतो."

"सीट?"

"वजन कमी करायला काढल्या."

आपल्याकडे माणूस नवी गाडी घेतो आणि सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढत नाही. हा आहे ती सीट काढून टाकतो! मला ते पटेना. "आणि जिंकलास तर काय मिळतं?"

"कप."

"फक्त कप?"

"आणि जेवण," तो म्हणाला. हवालदार हसला, मी हसलो नाही.

इंजिनाचं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की ते भंगारात घेतलेल्या दुसऱ्या मोटारीचं आहे आणि पावती घरी आहे. मूळ इंजिन कुठे, तर म्हणे पलंगाखाली. मी बरीच वर्षं नोकरी केली होती, पण असं उत्तर ऐकलं नव्हतं. हवालदाराला बेलवलीला पिटाळलं. दोन तासांनी तो पावती घेऊन आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, खरंच पलंगाखाली इंजिन आहे. चादरीत गुंडाळलेलं. नंबर कागदाशी जुळतो. बाई म्हणाल्या, घेऊन जा एकदाचं, मला झाडू मारता येत नाही."

मग मी स्वतः मोटारीचं बॉनेट उघडलं. चोर काय करतो, तर आधी इंजिनाचा नंबर घासतो. इथे नंबरावर ग्रीसचा पातळ थर होता, गंज चढू नये म्हणून. बोटानं पुसला तर आकडे लखलखीत. पावतीशी ताडून पाहिले, एकन् एक बरोबर. चोरीचा संशय तिथेच मिटला. त्याला सोडून दिलं, ट्रॉलीला नंबर नव्हता म्हणून गाड्या तेवढ्या आरटीओच्या तपासणीसाठी ठेवून घेतल्या. वरिष्ठांच्या पुढच्या बैठकीतली खरडपट्टी आताच डोळ्यांसमोर आली.

खरी अडचण मंगळवारी आली. आरटीओचे निरीक्षक गाड्या पाहायला आले आणि त्यांनी आधी पंचनामा वाचला.

"अहो, नुसती बिननोंदणीची ट्रॉली असती तर दंड भरून विषय संपला असता. पण तुम्ही भाड्याने लिहिलंय. म्हणजे खासगी गाडीचा धंद्यासाठी वापर, परमिट नाही, फिटनेस नाही. वरची मोटार झाली माल. आता मी वेगळं कसं लिहू?"

गाड्या सोडवायला आलेला जीपवाला बाकावर बसून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, मी ट्रॉली नोंदवायला गेलो होतो. खिडकीवर विचारलं, शेतीची की धंद्याची? मी म्हटलं शौकाची. ते म्हणाले, तसा रकाना नाही."

दुकानाच्या नावाचा खुलासा करायला मी उल्हासनगरच्या टायरवाल्याला बोलावलं. सिंधी गृहस्थ, बिचारा घाबरून गेला होता. "साईं, ट्रॉली के चार टायर मैंने मुफ्त में दिये थे, घिसे हुए, दुकान में पडे थे. नाव लिहायला मी कुठं सांगितलं? हा भला आदमी अपने आप लिखके आया. बोला, तुमचे उपकार आहेत."

उपकाराची जाहिरात केली आणि ती अंगाशी आली. मी पुरवणी जबाब जोडला, वरिष्ठांना कळवलं, कोर्टापुढे माझी चूक मान्य केली. पण पंचांच्या सह्या झालेला कागद धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखा असतो. जीप लवकर सुटली. ट्रॉली आणि ती मोटार मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात राहिली ती पुढचे चार महिने, भर पावसात.

सहा वर्षं दर सुट्टीला खपून त्यानं ती मोटार उभी केली होती. पहिली पाळी सुटली की तो कधी कधी यायचा, कुंपणाबाहेर उभा राहायचा. "साहेब, निदान ताडपत्री घालू द्या," म्हणाला. ती मी घालू दिली. इंजिनात तेल सोडायची परवानगी मागितली, ती देता आली नाही. मुद्देमालाला हात लावता येत नाही. त्याला पाहिलं की मला लाज वाटायची आणि मी काहीतरी काम काढून आत जायचो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी हाताखालच्या प्रत्येकाला एकच सांगितलं. पंचनाम्यात डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. गाडीवर नाव दिसलं तर नाव दिसलं असं लिहा. ते तिथे का आहे हे माणसाला विचारा, आपल्या सवयीला विचारू नका.

सुटकेचा हुकूम आला त्या दिवशी तो ट्रॉली न्यायला तयार झाला नाही. जागेवरच कापून भंगारात घाला म्हणाला. मोटार न्यायला त्यानं पिवळ्या पाटीचा भाड्याचा टेम्पो आणला होता. टेम्पोवर कुठल्याशा फर्निचरच्या दुकानाचं ठळक नाव होतं.

"आता सगळं कायद्यात बसतंय ना, साहेब?" त्यानं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

मी मान हलवली. सुपुर्दनाम्यावर सही करण्याआधी त्यानं बॉनेट उघडलं. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, बाकी सगळ्यावर तांबूस गंज होता. त्यानं त्यातल्या कशाकडेच पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढला, इंजिनाच्या नंबरावरचं ग्रीस पुसलं आणि पावती शेजारी धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

"नंबर बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "एवढं लिहून घ्या."