पायाळूचा पाय

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. जैनथच्या शाळेत मी विज्ञान शिकवलं आहे. पण मी पायाळू... जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. त्यामुळे पाठीत उसण भरली की लोक सकाळी आमच्या अंगणात येऊन पालथे पडायचे आणि मी डावा पाय सात वेळा पाठीला लावायचो. विश्वास नव्हता, मान मात्र आवडायचा.

आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता तेव्हाची गोष्ट. धाकट्या भावाची, सुधाकरची पाठ धरली. आई तेव्हा मावशीकडे गेलेली. तिसऱ्या दिवशी त्याची बायको सुनंदा मला म्हणाली, "भाऊजी, ताप उतरून नाही राह्यला. आदिलाबादले दवाखान्यात नेऊ."

"गावाले माझा पाय चालते, घरच्याले काऊन चालत नाही?"

ती आत गेली. सुधाकर हसला. "लाव बाबा, नाहीतर मास्तर रुसते."

पाय टेकवताच तो पुटपुटला, "दादा, हळू. आत जातं फिरून राह्यलं." पाठीत दळणाचं जातं फिरावं तशी ती कळ; ऐकायला मी एकटाच होतो.

दहाव्या दिवशी त्याचे पाय लुळे पडले, लघवी अडली. नागपूरला कळलं — मणक्याच्या हाडात जंतू शिरले होते आणि आत साठलेला पू मज्जारज्जूला दाबत होता. "पाठदुखी आणि ताप एकत्र, तरी इतके दिवस थांबलात?" डॉक्टरांनी विचारलं. ऑपरेशन झालं, पण जंतू रक्तात पसरले होते. सुधाकर गेला.

आई सुनंदाला म्हणाली, "नवऱ्याचा ताप लपवला तुनं." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. तेराव्यानंतर ती माहेरी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात गुडीहत्नूरहून एक तेलुगू बाई आली. तिला मराठी अजिबात येत नव्हतं, नवराच माझ्याशी हिंदीत बोलत होता. पाठदुखी, अंगात ताप. नाही म्हणायला हवं होतं... तरी पाय लावला. आणि ती बाई, तिच्याच आवाजात, म्हणाली, "दादा, हळू. आत जातं फिरून राह्यलं."

"क्या बोली?" नवऱ्याने मलाच विचारलं.

मी पाय काढला आणि त्यांना तडक ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तोच आजार निघाला. वेळेवर उपचार झाले, बाई स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्यानंतर मी कुणाच्याच पाठीला पाय लावला नाही.

ती ते शब्द कसे बोलली, हे मला आजही सांगता येत नाही. सुनंदाने ताप लपवला नव्हता, हे मात्र सांगता येत होतं. आई तोच समज घेऊन गेली. सुनंदा अजून माहेरीच आहे.