आप्पांचा चोर

माझे सासरे, आप्पा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते. ते निवृत्त झाले आणि वर्षभरातच सासूबाई गेल्या. तेव्हापासून आप्पांनी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं. जेवायला हाक मारली की यायचे, ताटात वाढलेलं मुकाट संपवायचे आणि पुन्हा पडवीतल्या खाटेवर जाऊन बसायचे. राहू गावातल्या आमच्या घरात मग टीव्हीसुद्धा हळू आवाजात लागायचा.

त्याच दिवसांत आमचा खेळ सुरू झाला होता. पुण्याला फार्मसी करताना मी तो हॉस्टेलवर शिकले. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. समोर राक्षस आला तर लढायचं, पळायचं की त्याच्याशी गोड बोलायचं, ते त्यांनी ठरवायचं. काम धोक्याचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. अशी एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालू शकते. आमच्यात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं होतं. नवरा जादूगार व्हायचा. हॉस्टेलातली माझी मैत्रीण तळेगाव ढमढेऱ्याला राहायची. ती रविवारी दुपारी स्कूटीवर यायची आणि तलवारवाली व्हायची. रोजे असले की ती चहाला हात लावायची नाही, पण लढाईत आवाज मात्र तिचाच सगळ्यांत मोठा.

एका रविवारी गोष्टीत दोघं एका किल्ल्याच्या बंद दारापुढं अडकली. कुलूप जादूनं उघडेना, तलवारीनं तुटेना. दोघांची वादावादी चालली होती, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "आरं, कुलपाच्या का मागं लागलाय? बिजागऱ्या काढा की!"

आम्ही तिघंही खाटेकडं वळलो. कितीतरी दिवसांनी आप्पा स्वतःहून काही बोलले होते. मैत्रीण पहिली सावरली. सरकून सतरंजीवर जागा करत म्हणाली, "आप्पा, तुम्हीच या बरं काढायला."

ते आले. काय काय होता येतं ते मी त्यांना सांगितलं: योद्धा, पुजारी, जादूगार, चोर.

"चोर," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही आणि चोर?" नवरा हसला.

"जल्मभर काटा सरळ धरला. आता जरा चोरी करू द्या."

त्या चोरानं पाच-सहा वर्षं आम्हाला पोट धरून हसवलं. तो राजाच्या खजिन्यात शिरायचा आणि पहारेकऱ्यालाच तंबाखू मागायचा. ड्रॅगनशी तर त्यानं अशी घासाघीस केली होती की शेवटी ड्रॅगनच कंटाळला. सकाळी मी भाकरी थापत असले की आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, "त्या भुयाराला दुसरं तोंड असंल का गं?" मी सांगायची नाही. मग त्यावरून विषय निघायचा विहिरीचा, पाण्याच्या पाळीचा, कधी सासूबाईंच्या हातच्या पिठल्याचा. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

मग मैत्रिणीच्या नवऱ्याला सांगलीला नोकरी लागली. ती जायच्या आधी गोष्ट संपवायला हवी होती. माझ्या मनात भीती बसली. शेवटची लढाई म्हणजे कुणीतरी मरणार, आणि तो चोरच मेला तर? आप्पा पुन्हा खाटेवर जाऊन बसले तर? मी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, त्यांच्यावर वेळ आली तर फासा मी टाकते, कुणाला न दाखवता, आणि सांगते की वाचले.

"तसलं काही करू नकोस," ती म्हणाली. "जन्म काट्यावर गेलाय त्यांचा. खोटा आकडा त्यांना कळायचा नाही होय?"

शेवटच्या रविवारी तिघंही डोंगराच्या पोटात होती. शेवटच्या लढाईत ड्रॅगन पडला आणि छत कोसळायला लागलं. बाहेर पडायचं दार दगडी होतं आणि ते उघडं राहायला कुणीतरी आतून साखळी ओढून धरणं भाग होतं.

"मी धरतो," आप्पा म्हणाले. "तुम्ही निघा."

"आप्पा, माझा जादूगार धरंल."

"गप. तू लेकराबाळांचा हाईस."

हे ते जादूगाराला म्हणाले की माझ्या नवऱ्याला, कुणास ठाऊक. बाकीची दोघं बाहेर पडली. आता साखळी सोडून चोरानं बाहेर उडी मारायची होती. फासा आप्पांनीच टाकला, सगळ्यांसमोर. तीन पडला.

मी सांगितलं, की दार पडलं, आणि चोर आतच राहिला.

"बाकीची सुटली का?" आप्पांनी विचारलं.

"सुटली, आप्पा."

त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर गेले. नवरा उठायला लागला, तर मैत्रिणीनं त्याचा हात धरला. रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, ती पार लांब जाईपर्यंत तिचा आवाज येत राहिला.

आप्पा परत आले तेव्हा तोंड धुऊन आले होते. सतरंजीवर आपल्या जागी बसले.

"तुझी सासू गेली तवा मला दवाखान्यात भायेर बाकड्यावर बसवलं हुतं," ते मला म्हणाले. "आत काय झालं, मला ठावं न्हाई. आज मी आत हुतो. समद्यांला काढलं आन् मग गेलो. चांगला मेला गं चोर. लई चांगला मेला." मग मैत्रिणीकडं बघून म्हणाले, "आन् तुम्ही का रडताय मॅडम? तुम्ही तर वाचलाय!"

ती रडता रडता हसायला लागली. मीही हसले. इतके दिवस मी किती ताठरून बसले होते ते मला तेव्हा कळलं. आप्पांनी चहा टाकायला सांगितला, आणि मी उठेपर्यंत ते माझ्या नवऱ्याला ड्रॅगन नेमका कुठं चुकला ते समजावूनही सांगायला लागले होते.

मैत्रीण सांगलीला गेली. पहिल्या मोकळ्या रविवारी गोष्टीत पुढं काय घडवायचं याचा विचारच मला करायचा नव्हता. जेवण झाल्यावर आडवी झाले आणि गाढ झोपले. जाग आली तेव्हा पडवीत शेजारचे मामा बसले होते आणि आप्पा त्यांना रंगात येऊन विचारत होते, "बरं, दार बंद हाय, कुलूप तुटत न्हाई. आता तुम्ही काय कराल, सांगा!"