सरोजिनीताई गेल्या, त्याची गोष्ट

सरोजिनी जेऊरकर आमच्या कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी. मी सांगोल्याकडची, नोकरीला नवी, बोलताना 'हाय-न्हाय' करणारी. फायली कशा लावायच्या ते त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं, पण माझ्या बोलण्याला हात लावला नाही. "असंच बोल, रेश्मा. बरं वाटतं ऐकायला," म्हणाल्या.

त्यांना नाटकाचं वेड होतं. राज्य नाट्य स्पर्धेतलं त्यांचं काम पाहून मुंबईच्या एका दिग्दर्शकानं त्यांना मालिकेत बोलावलं. वय शेहेचाळीस. बिनपगारी रजा टाकून त्या गेल्या. मालिकेचं नाव 'आवक-जावक'. एका सरकारी ऑफिसातल्या गमतीजमती. ताई त्यात आस्थापना शाखेच्या कुंभारबाई झाल्या होत्या. कुणीही अर्ज घेऊन आलं की मान वर न करता म्हणायच्या, "ठेवा कागद, बघते की." तो 'की' आमचा सोलापूरचा. दोन वर्षं अख्खा महाराष्ट्र त्या 'की'ला हसला. सुट्टीला आल्या की नवी पेठेतले साडीवाले त्यांना म्हणायचे, "ठेवतो साडी, बघा की."

त्या मालिकेत शिपायाचं काम मृत्युंजय पाटणकर नावाचा नट करायचा. ताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मुंबईतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत तो दोन्ही वर्षं भाऊबीजेला जेवून गेला होता.

मग ताईंचे यजमान अवधूतराव यांना अर्धांगाचा झटका आला. ते मंगळवेढ्याच्या शाळेत मास्तर होते. ताईंनी मालिका सोडली ती सोडलीच. मृत्युंजय दर रविवारी घरच्या फोनवर चौकशी करायचा. दोन-तीन महिन्यांनी त्याचा फोन यायचा बंद झाला. ताईंनी एकदा मालिकेच्या ऑफिसला फोन लावला, तर मालिका संपून ते ऑफिसही बंद झालेलं. "इतकंच असतं ते," असं मला एकदाच म्हणाल्या. पुढं वीस वर्षांत त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

परवाच्या दिवाळीत चॅनलनं जाहीर केलं की पाडव्याला संध्याकाळी सात वाजता 'आवक-जावक'ची सगळी मंडळी पुन्हा एकत्र येणार. ताईंना कुणी बोलावलं नव्हतं. "नंबर जुना असेल त्यांच्याकडं," ताई म्हणाल्या. तरी त्यांनी नवी साडी नेसली आणि मला फराळाला बोलावलं. त्यांची मुलगी श्रावणी पुण्याहून आली होती. अवधूतराव काठी मांडीवर घेऊन टीव्हीपुढं बसले होते.

जुनं ऑफिस जसंच्या तसं उभं केलं होतं. तीच टेबलं, तेच पत्र्याचं कपाट. सगळे पिकलेल्या केसांचे होऊन आपापल्या जागी बसले होते आणि एकमेकांच्या फजित्या सांगत होते. ताई खळखळून हसत होत्या. कुणाचं खरं, कुणाचं बनवलेलं, ते आम्हाला सांगत होत्या.

अर्ध्या तासानं दिवे मंद झाले. निवेदिका म्हणाली, "आज मात्र एक खुर्ची रिकामी आहे." पडद्यावर समई दिसली, शेजारी चंदनाचा हार घातलेला फोटो. फोटो ताईंचा होता.

श्रावणीच्या हातातली चकली तशीच राहिली. मी ताईंकडं बघितलं, मग टीव्हीकडं, मग परत ताईंकडं. काय बघतेय तेच मला कळेना.

"आवाज वाढव," ताई म्हणाल्या.

मृत्युंजय बोलायला उठला होता. म्हणाला, "टेंपोच्या अपघातात ताई गेल्या. निरोप आला तसा मी सोलापूरला पोचलो. अवधूतरावांच्या गळ्यात पडून रडलो. माझ्या ताईला मी खांदा दिलाय." बोलता बोलता त्याचे खांदे हलायला लागले. सगळं ऑफिस डोळे पुसत होतं.

"माझ्या गळ्यात?" अवधूतराव म्हणाले. झटक्यापासून त्यांचे शब्द सावकाश येतात. त्यांनी आमच्या तिघींकडं आळीपाळीनं पाहिलं, जणू आपणच काही विसरलोय. "हा माणूस मी टीव्हीबाहेर कधी पाहिला नाही."

ताईंचे हात बर्फासारखे गार पडले होते. मी ते चोळत बसले. एवढ्यात फोन सुरू झाले. पहिला त्यांच्या अक्कलकोटच्या मावसबहिणीचा. तिनं श्रावणीला विचारलं, "कधी झालं गं?" श्रावणीनं ताईंच्या कानाला फोन लावला, तेव्हा पलीकडून नुसता किंचाळल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणीनं कुठून तरी मृत्युंजयचा नंबर मिळवला.

"मी सरोजिनी बोलते. सोलापूरहून."

पलीकडून फोन कट झाला. ताई फोनकडं बघत राहिल्या. पाच मिनिटांनी त्याचाच व्हिडिओ कॉल आला. ताईंचा चेहरा दिसला तसा तो बसकण मारल्यासारखा खाली गेला. आम्हाला नुसता पंखा आणि छत दिसत होतं.

"मला हे कुणी सांगितलं, माहितेय का ताई?" छताकडून आवाज आला. "मी फोन केला होता तुमच्या घरी. एका बाईनं उचलला. म्हणाली, बाई गेल्या. मी विचारलं, कशानं गेल्या? म्हणाली, टेंपोनं."

हे ऐकून ताई खुर्चीत मागं टेकल्या. अवधूतरावांना झटका आल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्यांना सहा महिन्यांसाठी मंगळवेढ्याला त्यांच्या भावाकडं ठेवलं होतं. खाट, अंथरूण, भांडी असं सगळं टेंपोत घालून ताई स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या होत्या. सोलापूरच्या घराची किल्ली झाडलोट करणाऱ्या दगडाबाईकडं होती.

श्रावणीला हसू फुटलं आणि लगेच ओसरलं, कारण अवधूतराव पुढं वाकून फोनमध्ये बघत होते.

"आणि खांदा?" त्यांनी विचारलं.

मृत्युंजय आता पडद्यावर दिसत होता. तो म्हणाला, "यायला पाहिजे होतं. शूटिंग होतं. न गेल्याची लाज वाटायची, म्हणून कुणी विचारलं तर गेलो होतो म्हणायला लागलो. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं, सर. काल स्टेजवर मी नाटक नाही केलं."

ताईंनी फोन बंद केला. "खोटं बोलला याचं काही नाही गं," मला म्हणाल्या. "वीस वर्षं मी त्याला नावं ठेवत होते. आणि तो तिकडं मला पोचवून मोकळा झाला होता."

दोन दिवसांनी चॅनलच्या एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलत होती. चुकीबद्दल क्षमा मागितली आणि रविवार सकाळच्या पुनःप्रक्षेपणात दुरुस्ती केली आहे म्हणाली. आम्ही परत टीव्हीपुढं बसलो. समई, फोटो, मृत्युंजयचं रडणं, सगळं काढलं होतं. त्या जागी काहीच घातलं नव्हतं. मेलेल्या ताईंना चार मिनिटं मिळाली होती. जिवंत ताईंचं नाव अख्ख्या कार्यक्रमात कुणी घेतलं नाही. रिकामी खुर्चीसुद्धा गेली. पाडव्याला त्या सावरल्या होत्या, पण त्या रविवारी सरळ आत जाऊन झोपल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत.

मृत्युंजय पुढच्या आठवड्यात आला, न कळवता, स्वतः गाडी चालवत. दारात उभा राहिला आणि आधी त्याची नजर ताईंच्या पावलांवर गेली. ताईंनी ते पाहिलं. "सरळ आहेत," म्हणाल्या. "आत ये."

चहा झाला, पण बोलणं जमेना. तो सारखा माफी मागायचा आणि ताई सारख्या 'असू दे' म्हणायच्या. शेवटी ताईच म्हणाल्या, "चल, दगडाबाईकडं जाऊन येऊ."

दगडाबाई आता सांगोल्याजवळ मुलाकडं, बिरप्पाकडं असते. वय ऐंशीच्या पुढं, कानानं कमी. वस्ती मला माहीत, म्हणून मीही गाडीत बसले. आम्ही गेलो तेव्हा ती मेंढरांच्या वाड्यापाशी बाजेवर बसली होती. मी तिला कानाशी जाऊन सगळं सांगितलं: फोन, टेंपो, टीव्हीवरचा हार. हाराचं ऐकून तिनं तोंडाला पदर लावला. ताईंचा हात ओढून घेतला, दंड चाचपला.

"माझ्यापायी?" ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पर मी काय खोटं बोलले? टेंपोनंच गेल्या की. मीच पाणी दिलं व्हतं ड्रायव्हरला."

"तुमची काही चूक नाही, आजी," मृत्युंजय म्हणाला.

तिनं त्याला नीट न्याहाळलं. "मग तुमी आला न्हाय व्हय? माणूस गेलं म्हटल्यावर दारात यावं लागतंय. आला असता तर मी सांगितलं असतं की, मंगळवेढ्याला हायत म्हणून. एश्टी हुती तासाला."

मृत्युंजयनं ताईंकडं पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही, पण त्याची सुटकाही केली नाही. तो उठून वाड्यापलीकडं डाळिंबाच्या बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. टीव्हीवर रडताना त्याचे खांदे हलले होते, तसे आता हलत नव्हते. तो नुसता उभा होता.

बिरप्पाच्या बायकोनं भाकरी आणि पिठलं केलं. ताईंनी त्याला हाक मारून आपल्या शेजारी जेवायला बसवलं.

हल्ली त्याचा फोन येतो. दर रविवारी असं नाही, पण येतो. कुठल्याशा वर्तमानपत्राला त्यानं खरी हकीकत लिहून पाठवली, खांद्याच्या खोट्यासकट. त्यांनी छापली नाही. त्याची प्रत ताईंकडं आहे. मी वाचायला मागितली तर म्हणाल्या, "आधी यांना पूर्ण वाचू दे. रोज अर्धं पान होतं त्यांचं."